१८० कोटींचा आकडा आणि घड्याळाचे ठोके

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अभियांत्रिकीच्या डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) प्रात्यक्षिकाच्या वहीत एक ओळ हमखास सापडते: ‘क्लॉक २२५ मेगाहर्ट्झ, म्हणून एका इन्स्ट्रक्शनला ४.४४ नॅनोसेकंद.’ टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस३२०सी६७१३ या चिपची ओळख १८०० मिप्स अशी, म्हणजे सेकंदाला १८० कोटी इन्स्ट्रक्शन. आकडा खोटा नाही. एका सायकलला, म्हणजे क्लॉकच्या एका ठोक्याला, आठ इन्स्ट्रक्शन सुटू शकतात. २२५ गुणिले ८ झाले १८००. पण ‘सुटू शकतात’ हे जाहिरातीचे क्रियापद आहे.

पाइपलाइन, म्हणजे चिपमध्ये प्रत्येक इन्स्ट्रक्शनचे काम टप्प्याटप्प्याने होण्याची व्यवस्था, ही पंगतच. मीठवाला, चटणीवाला, भाजीवाला, भातवाला एकामागोमाग चालतात. पहिले पान पूर्ण वाढून व्हायला वेळ लागतो, पुढची पाने मात्र ठोक्यागणिक भरत जातात. या चिपवर एमपीवायएसपी या फ्लोटिंग पॉइंट गुणाकाराचे उत्तर चार सायकलींनी हाती येते, पण त्याच युनिटवर दुसरा गुणाकार लगेच पुढच्या सायकलला सुरू करता येतो. मेमरीतून एक शब्द (३२ बिटांचा आकडा) आणणाऱ्या एलडीडब्ल्यूला पाच सायकली लागतात, ब्रँचला (कोडमध्ये दुसरीकडे उडी मारणाऱ्या इन्स्ट्रक्शनला) सहा. तेव्हा आधी ठरवा, मोजायचे काय? उत्तर येईपर्यंतचा वेळ हवा असेल, तर एका गुणाकाराचे उत्तर पुढच्यात घालत शंभर गुणाकारांची साखळी करा. दर किती सायकलींनी नवा गुणाकार सुरू होतो ते हवे असेल, तर एकमेकांशी संबंध नसलेले शंभर घ्या. एकच इन्स्ट्रक्शन दोन टायमर-वाचनांच्या मध्ये ठेवून आलेला आकडा बहुतांशी टायमर-वाचनाचाच असतो.

सी६७१३चा टायमर सीपीयू क्लॉकच्या चौथाईने चालतो. म्हणजे त्याचा एक ठोका १७.७८ नॅनोसेकंदांचा, चार सायकलींचा. त्याहून बारीक त्याला दिसतच नाही. सी६७४८सारख्या नंतरच्या चिपमध्ये टीएससीएल हे रजिस्टर सायकलीगणिक मोजते; त्यात कोणतीही किंमत एकदा लिहिली की मोजणी सुरू. जुन्या बोर्डावर मात्र हजार वेळा फेरी मारून भागाकार करावा. आधी मध्ये काहीही न ठेवता दोन वाचने घ्यायची आणि तो फरक नंतर वजा करायचा. इंटरप्ट (मध्येच काम थांबवणारे संकेत) बंद ठेवायचे. आणि उत्तर कुठेतरी वापरायचे, नाहीतर कंपायलरमधला, कोड आटोपशीर करणारा ऑप्टिमायझर अख्खा लूपच उडवतो आणि वहीत ‘शून्य सायकल’ असा विक्रम नोंदवला जातो!

एलईडीच्या पायावर ऑसिलोस्कोप लावून सायकली मोजण्याचा हट्ट डीएसके (या चिपच्या स्टार्टर किटच्या) बोर्डावर तरी नको. तिथले एलईडी सीपीएलडी या जोडणीच्या चिपमागे आहेत आणि सीपीएलडी बाहेरच्या मेमरी-बसवर. त्या लिखाणालाच वेळ लागतो.

सगळ्यात जास्त घोळ मेमरीचा. रीसेटनंतर एल२ ही चिपमधली मेमरी निव्वळ रॅम असते आणि बाहेरची एसडीरॅम कॅशमध्ये, म्हणजे सीपीयूजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, येत नाही. त्यासाठी एमएआर रजिस्टरांतले बिट लावावे लागतात. कोड-डेटा मेमरीत कुठे ठेवायचा ते ठरवणाऱ्या लिंकरच्या सीएमडी फाइलमध्ये अ‍ॅरे ८००००००० या हेक्स पत्त्यावर, म्हणजे बाहेरच्या एसडीरॅममध्ये, गेला आणि ते बिट लावायचे राहिले, की प्रत्येक एलडीडब्ल्यू बाहेर फेरफटका मारून येतो. कोड तोच, वेळ कितीतरी पट. अ‍ॅरे आतल्या मेमरीत असला तरी पहिल्या फेरीत एल१डी या डेटाच्या कॅशमध्ये डेटा नसतो आणि अशा दर चुकीमागे चार सायकली सीपीयू थांबतो. शिवाय एल१पी ही कोडची कॅश फक्त ४ किलोबाइटची आणि डायरेक्ट मॅप्ड, म्हणजे प्रत्येक पत्त्याला तिच्यात एकच ठरलेली जागा. दोन फंक्शन नेमकी ४ किलोबाइटच्या पटीत अंतरावर पडली, तर ती आळीपाळीने एकमेकांना हुसकावतात. भलत्याच फाइलमध्ये दोन ओळी वाढवल्यावर फिल्टरचा वेळ बदलतो तो यामुळे.

दुसरी खोड एका अक्षराची. फ्लोट चलाला ०.५ने गुणताना सी भाषेत मागे एफ लावला नाही, तर तो आकडा डबल (६४ बिटांचा) धरला जातो. एमपीवायडीपी या डबल गुणाकाराचे उत्तर दहा सायकलींनी येते आणि गुणाकाराचे युनिट त्यातल्या चार अडवून बसते. रूपांतराच्या इन्स्ट्रक्शन वेगळ्याच.

मोजण्याआधी कंपायलरची असेंब्ली फाइल (सी कोडपासून बनलेल्या इन्स्ट्रक्शनची यादी) ठेवून वाचावी, असा आग्रह आहे. लूपच्या डोक्यावर ‘लूप कॅरीड डिपेंडन्सी बाउंड’ अशी ओळ असते, म्हणजे मागच्या फेरीच्या उत्तरावर अवलंबून असल्याने दोन फेऱ्यांत किमान किती सायकलींचे अंतर लागते. फिल्टरची बेरीज एकाच फ्लोट चलात साठत असेल आणि कंपायलरने तिचा क्रम पाळला, तर तिथे ४ दिसतो, कारण एडीडीएसपी या फ्लोट बेरजेचे उत्तरही चार सायकलींनीच येते. चार वेगळ्या चलांत बेरीज वाटून शेवटी एकत्र केली की ही अट सुटते. हाताने मोजताना ज्या ओळीआधी दोन उभ्या रेघा आहेत ती वेगळी धरू नये (ती आधीच्या ओळीबरोबरच चालते), आणि ‘एनओपी ४’ (काही न करता थांबा) ही एक ओळ चार सायकलींची धरावी.

४८ किलोहर्ट्झच्या ध्वनीसाठी दोन नमुन्यांच्या मध्ये जेमतेम ४६८७ सायकली मिळतात. हजार फेऱ्यांची सरासरी त्यात आरामात बसेल. पहिली, गार कॅशमधली फेरी बसेलच असे नाही, आणि आवाजात येणारी टिकटिक त्याच फेरीची असू शकते. म्हणून वहीत दोन्ही आकडे हवेत, शेजारी ऑप्टिमायझेशनची पातळी आणि अ‍ॅरेचा पत्ता. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी निदान सीएमडी फाइल उघडायला सांगावी.

– एक वाचक, पुणे