मैत्रिणींशी बोलणे सोडू नकोस, आई

नाशिक

तीर्थरूप आई व बाबा यांना सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलेत की आम्ही पाच-सहा जणी रोज रात्री जेवणे आटोपल्यावर मोबाइलवर एवढे काय बोलत असतो. घाईत दोन वाक्यांत उत्तर द्यावे असा तो प्रश्न मला वाटला नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आणि लिहिताना माझ्या मनात खरे तर आई आहे, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या बोलण्याला ठरलेला विषय नसतो. एकीच्या सासऱ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, दुसरीच्या मुलाची दहावी, गंगापूर धरणातून पाणी सोडले की गोदावरीतला दुतोंड्या मारुती कुठपर्यंत बुडाला, हे सगळे त्यात येते. सिनेमा मात्र जवळजवळ रोज असतो. कोणी रविवारी थिएटरात जाऊन आलेली असते, कोणी घरी मुलांबरोबर अर्धाच पाहिलेला असतो, आणि तो आवडला की नाही यावरून सुरू झालेले बोलणे बघता बघता कोणाच्या तरी घरात शिरते. सिनेमातली सून सासूला उलटून बोलली ते योग्य की अयोग्य, एवढ्यावरून आमच्यातली जी एरवी घरातले एक अक्षर बाहेर काढत नाही तिने आपले सगळे मन मोकळे केले. समोर बसवून विचारले असते तर तिने विषय बदलला असता. पडद्यावरच्या माणसांच्या आडून आपल्या माणसांविषयी बोलता येते, म्हणून तो विषय आम्हाला लागतो.

मध्यंतरी आमच्यातली एक मुलांना घेऊन पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकात गेली होती. तिने तिथले फोटो पाठवले आणि त्या रात्री दुसरे काही सुचलेच नाही. दादासाहेब त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०, 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, पुढे स्टुडिओ नाशिकला आणि १९४४ मध्ये निधनही नाशिकलाच, एवढे आम्ही शाळेतच पाठ केले होते. त्या चित्रपटातली तारामती म्हणजे हॉटेलात स्वयंपाकाचे काम करणारे साळुंके नावाचे गृहस्थ होते, हेही बहुतेकींना माहीत होते. आमचे बोलणे अडले ते दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाईंपाशी. नवऱ्याच्या नव्या धंद्यासाठी अंगावरचे दागिने देणारी, फिल्मच्या कडेला भोके पाडायला आणि ती फिल्म धुवायला शिकलेली, आणि वर सगळ्या मंडळींचे जेवण रांधणारी ही बाई. तिचे नाव आमच्यापैकी दोघींनी त्या रात्री पहिल्यांदा ऐकले. नवऱ्याच्या सातपूरच्या वर्कशॉपचे सगळे हिशेब सांभाळणारी आमची मैत्रीण त्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने लिहिले, "वर्कशॉपच्या एकाही कागदावर माझे नाव नाही." दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या करसल्लागार मैत्रिणीने तिला भागीदारीचे कागद कसे करायचे ते समजावून सांगितले, आणि आता ते कागद तयार होत आहेत. बाबा, आम्ही काय बोलतो या तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे.

आता आई, तुझ्याकडे येते. त्याच बोलण्यात पडद्यावर आलेली पहिली स्त्री कोण असा प्रश्न निघाला, आणि मी सकाळी तुला फोन केला. तू पोळ्या करत होतीस. लाटणे न थांबवता तू सांगितलेस की 'मोहिनी भस्मासुर' १९१३ चाच, त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला. त्याच पुढे कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. मग तव्यावरची पोळी उलटता उलटता तू भिशीतल्या मैत्रिणींबरोबर नाशिकरोडहून बसने शालिमारला जाऊन पाहिलेल्या मॅटिन्यांवर आलीस. कोण डब्यात चिवडा आणायची, कोण मध्यंतरापर्यंत रडून घ्यायची, बाबांची नोटांच्या प्रेसमधली पहिली पाळी सुटायच्या आत घर गाठताना कशी धावपळ व्हायची, ते सांगत राहिलीस. तुझा तो आवाज तुम्ही पुण्याला दादाकडे राहायला गेल्यापासून मी ऐकलेला नव्हता. हे सगळे मी आमच्या मैत्रिणींना जसेच्या तसे कळवले, तर त्या तुझ्याविषयी अजून विचारत असतात.

पण तू मात्र तुझ्या भिशीच्या गटात एक शब्दही लिहीत नाहीस. बिटकोजवळ भाजी घेताना त्यातल्या एक मावशी मला भेटल्या आणि हात धरून म्हणाल्या, "तुझ्या आईला आमचा राग आलाय का गं?" मला ते फार लागले. तू मला सांगितलेले कारण मला ठाऊक आहे: मराठी टाइप करायला वेळ लागतो, अक्षरे चुकतात, आणि तोवर सगळ्या पुढच्या विषयावर गेलेल्या असतात. यावर उपाय सोपा आहे. कीबोर्डची भाषा मराठी करून त्यावरचे माइकचे चिन्ह दाबले की आपण बोलू ते देवनागरीत उमटते. नावे तेवढी कधी कधी चुकतात, म्हणून पाठवण्याआधी एकदा वाचायचे. तेही नको असेल तर नुसता आवाज पाठव, त्यांना तोच जास्त आवडेल. बाबा, सुरुवातीचे काही दिवस तुम्ही तिच्याजवळ बसा. नोटांच्या छपाईत एक आकडा इकडचा तिकडे होऊ न दिलेल्या माणसाला चार ओळी तपासणे काहीच नाही. तिला जमू लागले की मात्र तुम्ही उठून फिरायला जा, कारण बायकांना मैत्रिणींशी बोलताना शेजारी नवरा नको असतो.

आणि आई, सुप्रभातची फुले पाठवू नकोस. त्यांना उत्तर म्हणून दुसरी फुले येतात, बोलणे होत नाही. त्यापेक्षा आज पुण्यात मेथी कशी मिळाली, नातवाने अभ्यासाला बसताना काय नाटके केली, दुपारी टीव्हीवर लागलेला जुना सिनेमा कुठे आवडला आणि कुठे नाही, असे तुझे स्वतःचे काहीतरी एक सांग. त्या मावशींना तुझ्याकडून तेच हवे आहे. परक्या गावात, मुलाच्या घरात तू कोणाला त्रास नको म्हणून गप्प गप्प राहतेस हे मला इथे बसूनही कळते, आणि माझ्या रोजच्या फोनने ते भरून निघणार नाही, कारण मी तुझी मुलगी आहे आणि त्या तुझ्या मैत्रिणी आहेत.

दिवाळीनंतर तुम्ही दोघे इथे याल तेव्हा त्यांची भिशी आमच्याच घरी करायची असे मी त्यांना सांगून ठेवले आहे. तोवर त्या मावशींना तुझा नवा नंबर दिला आहे. गुरुवारी दुपारी तीननंतर त्या फोन करणार आहेत. त्या वेळी स्वयंपाकघरात काही काढून बसू नकोस, आणि फोन दादाच्या हातात देऊ नकोस.

तुमची,
धाकटी