माडी चढवण्यापूर्वी

झुरिक

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

वाईच्या घरावर माडी चढवून चार खोल्या काढण्याचा दादाचा विचार असल्याचे बाबांनी कळवले, आणि आम्ही चांगला पगार असूनही लहान घरात का राहतो, असे आईने विचारले. दोन्ही गोष्टी एकमेकींशी निगडित आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचे घर गृहनिर्माण सहकारी संस्थेचे आहे. अशा संस्थेत घर विकत मिळत नाही. सभासदाने भागभांडवल भरायचे आणि संस्थेने नफा न ठेवता ठरवलेले भाडे द्यायचे. झुरिकमधल्या अशा अनेक संस्थांचा नियम आहे, की खोल्यांच्या संख्येपेक्षा राहणारी माणसे फार तर एकाने कमी असावीत. म्हणजे चौघांना पाचाहून अधिक खोल्या मिळत नाहीत, आणि मुले बाहेर पडली की मागे राहिलेल्या दोघांनी लहान घरात जाऊन मोठे घर दुसऱ्या कुटुंबासाठी रिकामे करायचे असते. वयस्कर माणसांना हे जड जाते, हे मी पाहते. तरीही नियम न्याय्य आहे असे माझे मत आहे, कारण शहरात जागा मोजकी आहे आणि वापरात नसलेली खोलीसुद्धा हिवाळ्यात उबदार ठेवावी लागते.

लहान घर पुरते, कारण बाकीची सोय समाईक असते. धुलाईयंत्रे तळघरात असतात आणि प्रत्येक घराची पाळी ठरलेली असते. ट्रामच्या आगारावर २०१४ मध्ये उभ्या राहिलेल्या काल्कब्राइटे वसाहतीत तर पाहुण्यांसाठी वेगळ्या खोल्या आहेत, शिवाय मोठ्या झालेल्या मुलाला किंवा आजारी आईवडिलांना काही काळ जागा हवी असेल तर भाड्याने घेता येतील अशा सुट्या खोल्याही आहेत. तेथील रहिवाशांनी स्वतःची मोटार न ठेवण्याचे मान्य केलेले आहे.

ईटीएच या येथील तंत्रविद्यापीठात १९९० च्या दशकात एक कल्पना मांडली गेली: माणशी सरासरी २,००० वॅट ऊर्जेत, म्हणजे वर्षाला सुमारे १७,५०० युनिटांत, चांगले जगता यावे. यात केवळ वीज नव्हे, तर घर तापवणे, प्रवास आणि वस्तू बनवणे हेही धरलेले आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये झुरिकच्या मतदारांनी तीन चतुर्थांशाहून अधिक मतांनी हे उद्दिष्ट स्वीकारले. ते गाठणे अजून दूर आहे; पण सुखवस्तू शहराने आपल्याच गरजांना मर्यादा घालण्याच्या बाजूने मत द्यावे, याचा मला मनापासून आदर वाटतो. आपल्याकडे समाधान हा एकेकट्याने करायचा निग्रह मानला जातो, आणि शेजारी माडी चढली की तो डळमळतो. किती पुरे हे सर्वांनी मिळून ठरवले, तर ती चढाओढच उरत नाही.

म्हणून दादाला माझे सांगणे आहे, की स्लॅब टाकण्यापूर्वी त्या चार खोल्या वर्षातून किती दिवस वापरात राहतील, हे वहिनींसोबत बसून मोजावे. गणपतीत येणाऱ्या पाहुण्यांना माजघर पुरते. त्याऐवजी अंगणाच्या बाजूला स्वतंत्र दाराची, न्हाणीघर असलेली एकच खोली बांधली, तर आज तेथे पाहुणे उतरतील, पुढे पुतण्याला अभ्यासाला होईल आणि चालणे-फिरणे अवघड झाल्यावर तुम्हा दोघांनाही सोयीची पडेल. त्याने दोन्ही नकाशे पाठवावेत. खर्चाचा हिशेब मी येथून करून देते.

तुमची लेक