जुन्या गाडीचा टप उडवू नका

संपादक साहेब, नमस्कार.
जुनी सलून, म्हणजे पक्क्या टपाची गाडी घ्यायची, ग्राइंडरने टप उडवायचा आणि कन्व्हर्टिबल, म्हणजे उघड्या टपाची गाडी म्हणून मिरवायचं, हे फॅड डोक्यात जातं. मॉरिस मायनर या जुन्या ब्रिटिश गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसते, टपही बॉडीला ताठ धरतो, म्हणून कंपनीच्या कन्व्हर्टिबलला खाली जादा पत्रे असायचे, ते गंजले की गाडी मधोमध खचते न दारं लागत नाहीत. घरी दाराखालचा पत्रा कापणाऱ्यांनी आधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड करा बाबांनो. आता 2021 च्या नियमाने 50 वर्षांवरच्या गाडीला विंटेज म्हणून व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, पण चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. मग गंजका पत्रा काढून तसाच नवा लावला तर तो बदल की दुरुस्ती? आरटीओने एकदा लिहून द्यावं, एजंट दरवेळी वेगळंच सांगतात.
— एक गाडीवेडा वाचक, पुणे