बावीस मिनिटांबद्दल आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

व्हॅनच्या सोलरचे पैसे चुकते झाले, पण एक देणं राहिलंय. ते चारचौघांत फेडावं म्हणून हे पत्र.

आधीच्या तीन दुकानांत गाडी बघायलाही कुणी बाहेर आलं नाही. एकाने टपाची लांबी विचारून "मावतील तेवढी पॅनेल लावू" म्हटलं. दुसऱ्याने घरच्या इन्व्हर्टरची १५० एएच (अँपिअर-तास) ट्युब्युलर, म्हणजे शिसं-आम्लाची बॅटरी पुढे केली. वजन पन्नास किलोंच्या वर, निम्म्याखाली उतरवत राहिलं की आयुष्य घटणार, आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडणार तो माणसं झोपतात तिथेच! तिसरा तर फ्रीज मधेच बंद पडतो हे ऐकून "फ्रीजच खराब" म्हणून मोकळा झाला.

तुम्ही मात्र किमतीचं बोलण्याआधी फ्रीजच्या वायरला डीसी क्लॅम्प मीटर (वायर न कापता करंट मोजणारा चिमटा) लावलात आणि पायरीवर बसून राहिलात. चांगला तासभर. कॉम्प्रेसर लागला की घड्याळ, थांबला की घड्याळ. मग पुठ्ठ्यावर पेन्सिलने लिहिलंत: साडेचार अँपिअर, तासात २२ मिनिटं चालू. म्हणजे एकटा फ्रीज दिवसाला साधारण ५०० वॉट-तास खातो. बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा २००, लॅपटॉप-मोबाइल १५०, दिवे नि पाण्याचा पंप मिळून ६५. बेरीज ९१५.

वर्षाच्या सरासरीने आपल्याकडे दिवसाला साधारण ५ तासांचं भर ऊन धरतात. पॅनेल टपावर आडवी, खाली तापलेला पत्रा, वर धूळ, म्हणून तुम्ही तीस टक्के वजा केलेत; ५ तासांचे उरले साडेतीन. ९१५ भागिले साडेतीन, म्हणजे २६० वॉट. पावसाळ्यात ऊन ३ तासांवर आलं की हाच आकडा ४३५ होतो. तरी तिसरं पॅनेल गळ्यात मारलं नाहीत. दोनशेची दोन, पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीत भरणारा ४० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर, आणि आषाढातली तूट इंजिनवर भरून काढायला डीसी-डीसी चार्जर. बॅटरी २०० एएच लिथियम आयर्न फॉस्फेट. ऐंशी टक्केच वापरली तरी उन्हाशिवाय दोन दिवस निघतात. इंडक्शनवर तर एका वाक्यात पडदा: "१८०० वॉट म्हणजे १२ व्होल्टवर दीडशे अँपिअर, सिलिंडरच ठेवा."

आणि तो 'खराब' फ्रीज? दीड चौरस मिलिमीटरची वायर, ६ मीटर जायला नि ६ यायला. वाटेतच पाऊण व्होल्ट जात होता, म्हणून कॉम्प्रेसर लागताना व्होल्टेज कमी पडून फ्रीज आपोआप बंद व्हायचा. चार चौरस मिलिमीटरची वायर टाकलीत, दुखणं संपलं.

माल विकणाऱ्याने "हे घेऊ नका" म्हणावं, याचंही अप्रूप वाटावं असे दिवस आलेत. त्या तासाभराचे पैसे तुम्ही बिलात लावले नाहीत, हे घरी आल्यावर कळलं.

पुठ्ठा फ्यूजबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलाय. तुमच्या आकड्याखाली मे महिन्याचा आकडा लिहिलाय: २९ मिनिटं. चारशे वॉट पुरले.