दुसऱ्या शस्त्रक्रियेविषयी, आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

फोनवर विषय काढला की आईचा आवाज कापरा होतो आणि माझे निम्मे सांगायचे राहून जाते, म्हणून हे पत्र. वजनासाठीची शस्त्रक्रिया पुन्हा करून घ्यायची असे मी ठरवले आहे. दिवाळीनंतरच्या आठवड्यातली तारीख मिळाली आहे आणि विमा कंपनीची पूर्वमंजुरीही आली आहे, तेव्हा बाबांनी या वेळी ठेव मोडण्याचा विचारसुद्धा मनात आणू नये.

पहिल्या वेळी स्लीव्ह केली, म्हणजे जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी केली. त्याने वजन उतरले, साखर आटोक्यात आली, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्यामुळे ते सगळे वाया गेले असे कुणी म्हणू लागले तर ऐकून घेऊ नका. पण पुढे वजन पुन्हा चढू लागले, आणि त्याहून त्रासाचे म्हणजे आम्लपित्त. नळी अरुंद असल्यामुळे आत दाब वाढतो आणि आम्ल अन्ननलिकेत वर चढते. स्लीव्ह झालेल्या बऱ्याच जणांना हे होते. रात्री घशाशी आंबट पाणी येऊन ठसका लागतो, मग उशांची चळत रचून बसल्या बसल्या डोळा लागतो आणि सकाळी आवाज बसलेला असतो. आई, गणपतीत मी आरतीला गप्प का उभी होते असे तू विचारलेस, त्याचे कारण हेच. एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला व्रण दिसले आहेत आणि गोळ्यांचा डोस दुप्पट करूनही ते भरत नाहीत.

म्हणून आता स्लीव्हचे बायपास करायचे आहे. जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची लहान पिशवी ठेवून तिला लहान आतडे जोडतात. तेवढ्याशा पिशवीत आम्ल फारसे तयार होत नाही आणि पित्तही बरेच खाली येऊन मिसळते. आम्लपित्तासाठी दुसरी स्लीव्ह उपयोगाची नाही, बायपासच करायला हवे, हे दोन वेगवेगळ्या सर्जननी सांगितले. तात्यांच्या वेळी एकाच मतावर विसंबलो होतो, ते बाबांच्या मनात असणार, म्हणून मुद्दाम लिहिले.

"एवढी कुठे जाड आहेस?" असे आई म्हणेलच. आपल्याकडच्या लोकांना कमी वजनातही मधुमेह गाठतो, म्हणून २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी आशियाई लोकांसाठी २७.५ बीएमआयपासूनच (म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते दाखवणारा आकडा) शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा असे म्हटले आहे. मी त्या आकड्याच्या बरीच पुढे आहे.

धोका पहिल्यापेक्षा अधिक आहे, हे तुमच्यापासून लपवणार नाही. आत जुने चिकटलेले भाग सोडवावे लागतात, त्यामुळे टाक्यांतून गळती किंवा रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते, आणि वजनही बहुधा पहिल्याइतके उतरत नाही. मात्र शस्त्रक्रिया दुर्बिणीतूनच होणार आहे आणि अशा फेरशस्त्रक्रिया नेहमी करणारा सर्जन मी निवडला आहे. घरी स्वयंपाकाला शांताबाई दोन्ही वेळा येणार आहेत, मिहिरला शाळेत सोडणे-आणणे वन्सं पाहतील. तुम्ही पहिल्या दिवसापासून धावपळ करू नये, एवढेच माझे म्हणणे. मी घरी आले की हवे तितके दिवस येऊन राहा. पुढची खोली रिकामी केली आहे, तिथे सकाळचे ऊन येते, बाबांचे गुडघे दुखणार नाहीत असा उंच पलंग आहे आणि न्हाणीघरात धरायला दांडीही बसवून घेतली आहे.

लहानपणी पोट दुखले की बाबा ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करायचे, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचे आणि मगच माझ्या पोटावर ठेवायचे. भूल उतरताना मला तुम्हीच दोघे आठवणार आहात, हे मला आत्ताच ठाऊक आहे.

आता नीट ऐका. आई, डिंकाचे लाडू माझ्यासाठी पाठवायचे नाहीत; बायपासनंतर गोड पटकन आतड्यात उतरते आणि घाम फुटून छातीत धडधडते. मिहिरसाठी मात्र जरूर पाठव, तो वाट पाहतो आहे. सुरुवातीला मला नुसते पातळ लागेल, नंतर मऊ. तुझा मेतकूट-भात तेव्हाच हवा आहे, पण दोन-चार चमच्यांवर थांबले तर डोळ्यांत पाणी आणायचे नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व मला जन्मभर घ्यावे लागेल, तेव्हा "किती त्या गोळ्या" असे म्हणू नकोस. अंग दुखते म्हणून बाबांच्या डब्यातली आयबुप्रोफेन मला द्यायची नाही, तिने जोडाजवळ व्रण होतो. बाबांनी रक्तदाबाची गोळी माझ्या काळजीत चुकवायची नाही, आणि शेजारच्या काकूंना सगळे झाल्यावरच सांगावे.

शस्त्रक्रियेआधी एकदा सर्जन तुमच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायला तयार आहेत. मी रविवारी सकाळी फोन करते; तोवर दोघांनी आपापले प्रश्न कागदावर लिहून ठेवा, आईने तिचे वेगळे.

तुमची,
मनू