बांधापलीकडचा गोठा

वस्तीवरून, ता. संगमनेर
१६ जून २०२४

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझा गोठ्याचा हिशेब परवा फोनवर मिळाला. दोनदा वाचला आणि रात्री आमच्या हिलाही वाचून दाखवला. दहा गाया, पत्र्याचं शेड, कडबाकुट्टी, दूध काढायचं मशीन, मुरघासाचे खड्डे, विमा, सगळं नीट मांडलंयस. पंधरा वर्षं कंपनीत काढून तू गावाकडं परत येतोयस, याचा मला किती आनंद झालाय ते भेटल्यावरच कळेल तुला. पण त्या नकाशात शेड कुठं काढलंयस ते पाहिलं आणि फोन न करता कागद घेऊन बसलो, कारण हे फोनवर घाईत सांगण्यासारखं नाही.

शेड तू पूर्वेच्या बांधाला लावून घेतलंयस. रस्ता जवळ, विहीर जवळ, म्हणजे सोयीचंच. पण त्या बांधाच्या पलीकडं, चाळीस पावलांवर, शेजाऱ्यांचा गोठा आहे. मी लहानपणी तुझ्याबरोबर तिथं ताक प्यायलोय, म्हणून आठवतंय. तुझ्या हिशेबात तो गोठा कुठंच नाही.

२०२२ साली आमच्या वस्तीवर लम्पी आला, म्हणजे जनावरांच्या अंगावर गाठी उठवणारा तो साथीचा रोग, तेव्हा तू परदेशात होतास. मी तुला फोनवर एवढंच म्हणालो होतो की, एक वासरू गेलं, बाकी ठीक आहे. ते ठीक नव्हतं.

गुजरात-राजस्थानात जनावरं मरतायत हे आम्ही मोबाईलवर पाहत होतो. ऑगस्टच्या सुरुवातीला आपल्याकडं जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात तो दिसला. तरी आम्हाला वाटायचं, रावेर कुठं आणि आपण कुठं. पोळा नेहमीसारखा झाला, बैल वेशीतून मिरवले. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी बांधाशेजारच्या आप्पांच्या गोठ्यात रोज संध्याकाळी कडुनिंबाचा धूर दिसायला लागला. मला वाटलं, पावसाळ्याच्या माशा आहेत, केला असेल धूर. त्यांची एक गाय उसाच्या कडेला एकटीच बांधलेली दिसली, अंगावर गोणपाट टाकलेलं. मी विचारलं तर म्हणाले, "माजावर आलीये, दावणीला दंगा करती." मी मान डोलावली आणि पुढं गेलो.

मग आमच्या हरणीनं एके सकाळी खुराक सोडला. पेंड तशीच गव्हाणीत, नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, अंग तापलेलं. वरून बघून दुसरं काही कळत नव्हतं. मानेवरून हात फिरवला तेव्हा केसांखाली हरभऱ्याएवढ्या गाठी हाताला लागल्या. एक, मग दुसरी, मग खांद्यावर सात-आठ. दत्ता, तो स्पर्श अजून बोटांवर आहे. दोन दिवसांत त्या गाठी सुपारीएवढ्या झाल्या, गळ्याची पोळी सुजून लोंबायला लागली, पुढच्या पायात पाणी उतरलं. बसली की उठायची नाही. अठरा लिटरची गाय तीन लिटरवर आली.

आता जे लिहितोय ते मी कुणाला बोललेलो नाही. त्या पहिल्या सकाळी मला कळलं होतं. गाठी हाताला लागल्या त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी दूध किटलीत भरलं आणि केंद्रावर घालून आलो. दुसऱ्या दिवशीही. डॉक्टरांना फोन केला तो तिसऱ्या दिवशी. मनात एकच होतं, नाव बाहेर पडलं तर दूध बंद होईल आणि महिन्याचा हप्ता दारात उभा राहील. हा रोग माणसाला होतच नाही, दूध पिऊनही नाही, हे सगळं मला पुढं डॉक्टरांनी सांगितलं. पण तेव्हा शहरात लोक दूध प्यायला घाबरत होते आणि आम्ही त्या घाबरण्याला घाबरत होतो.

त्या दोन दिवसांत आमच्या गोठ्यातल्या माशा काही गप्प बसल्या नाहीत. ती चावरी माशी असते ना, पायाला चावते आणि जनावर खूर आपटतं, तीच. एका जनावराला तोंड लावते, ते शेपूट मारतं, मग अर्धवट पोटानं उठते आणि दुसऱ्यावर जाऊन बसते. तोंडाला लागलेलं घेऊनच जाते. डास तेच करतात, गोचीडही करतो. गाठीची खपली गळून पडली तरी तिच्यात विषाणू महिनाभर राहू शकतो. शिवाय आपण माणसं. गाईंना कृत्रिम रेतन करायला येणारा पोरगा सकाळपासून पाच गोठे करून येतो. शेणखताचा ट्रेलर, पेंडीची गाडी, एकाच हौदावर पाणी पिणारी जनावरं. बांध आपण घातलाय, तो आपल्यालाच दिसतो.

आमच्यानंतर गेलं ते आक्कांकडं. आक्का म्हणजे ओढ्याच्या अंगाला राहतात त्या, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा शिकतोय. एकच गाय. सातव्या महिन्याची गाभण होती. आधी गाभडली, म्हणजे गर्भ पडला, मग चौथ्या दिवशी पहाटे गेली. त्याच आठवड्यात आमचं चार महिन्यांचं वासरू गेलं. लहान वासरं फार सोसतात यात. जेसीबी बोलावून ओढ्यापासून लांब खोल खड्डा घेतला, खाली चुना, वर चुना. आक्का खड्ड्याच्या कडेला उभ्या होत्या, हातात गाईच्या गळ्यातली घंटा. काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

सरकारची मदत आली, ते मात्र खरं. दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५, वासराला १६, असे आकडे होते. आक्कांना पैसे मिळाले. पण सगळ्या राज्यात जनावरांचे बाजार बंद, ने-आण बंद, तर गाय आणायची कुठून? तोवर दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जात होत्या.

आणि ज्यांच्या गोठ्यात एकही गाठ नव्हती, त्यांचं काय झालं ते ऐक. आमच्या वस्तीचं नाव झाल्यावर दुधाची गाडी वळायचीच बंद झाली. वरच्या मळ्यात एकाच्या पाच म्हशी, सगळ्या धडधाकट. म्हशींना हा रोग तसा फारसा होत नाही. तरी त्याचंही दूध आठ दिवस घरीच. तूप कढवून कढवून त्याची बायको थकली. एकाला मुलीच्या लग्नासाठी बैलजोडी विकायची होती, ती राहिली. ऊसतोडीला येणाऱ्यांना बैलांच्या लसीचा दाखला विचारायला लागले, त्यामुळं टोळ्यांचाही खोळंबा. रोग दोन-तीन दावणींना झाला आणि बसला सगळ्यांना.

मी आप्पांकडं भांडायला गेलो. वासरू पुरून आलो होतो, अंगावर तीच माती होती. म्हणालो, आप्पा, तुम्ही सांगितलं असतं तर माझी जनावरं मी लांब बांधली असती, वेळेत लस टोचली असती. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला तीन आठवडे लागतात, तेवढे दिवस तुम्ही माझे घालवले. आप्पा ओसरीवर बसले होते. म्हणाले, "मी सांगितलं असतं, तर तू माझ्या गोठ्याकडं कसा बघितला असतास?" बस, एवढंच. मला आक्कांची गाय आठवली आणि माझे दोन दिवस आठवले. मी उतरून घरी आलो.

तेव्हापासून मला पक्कं वाटतं की, यात औषधापेक्षा अवघड गोष्ट सांगण्याची आहे. रोग लपवणारा माणूस वाईट नसतो. सांगितलं की एकटा पडतो, हे त्याला माहीत असतं. म्हणून आम्ही वस्तीवरच्यांनी बसून ठरवलं: ज्याचं जनावर खाणं सोडेल त्यानं त्याच दिवशी सगळ्यांना सांगायचं आणि ज्याचं दूध थांबेल त्याचा चारा बाकीच्यांनी घालायचा. लस एकाच दिवशी सगळ्या दावणींना, प्रत्येक जनावराला वेगळी सुई. गोचिडाची फवारणीही एकाच दिवशी, नाहीतर माझ्याकडचे गोचीड तुझ्याकडं आणि तुझ्याकडचे माझ्याकडं. मागच्या वर्षी एका मळ्यात एका कालवडीला ताप आला, तर तासाभरात सगळ्यांना कळलं. साधा ताप निघाला. पण कळवलं त्यानं, आणि त्याच्याही आधी, सगळ्यात पहिल्यांदा कळवलं ते आप्पांनी, स्वतःच्या जनावराबद्दल, हेही सांगायला हवं.

आक्कांना आम्ही एक कालवड दिली, हरणीचीच. हरणी वाचली. दीड-दोन महिने हळद, कडुनिंब आणि तेल लावून जखमा धुतल्या. अंगावर अजून ठिपके आहेत, जिथं गाठी फुटल्या तिथं केस पुन्हा आले नाहीत. आता बारा-तेरा लिटरच देते.

तर दत्ता, शेड पश्चिमेला, बाभळींच्या अंगाला घे. विहिरीपासून पाईप टाकावा लागेल, त्याचा खर्च धर. शेणाचा उकिरडा गोठ्याला चिकटून करू नकोस, त्या चावऱ्या माशीची पैदास ओल्या शेणात आणि कुजक्या चाऱ्यात होते. दहाच्या दहा गाया एकदम बाजारातून आणू नकोस. आण त्या लस टोचलेल्या आण, आणि आल्या की तीन आठवडे बाकीच्या दावणीपासून लांब बांध, त्यांचं दूध काढणारा माणूसही वेगळा ठेव. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांच्या लसी पावसाच्या आधी होऊ देत. लम्पी एकट्यानं येत नाही, त्याची भावंडंही बांध ओलांडणारीच आहेत.

पण यातलं काही करायच्या आधी शेजाऱ्यांकडं जाऊन ये. ओसरीवर बस, चहा घे, त्यांच्या दावणीला किती जनावरं आहेत ते बघ. लस कधी टोचली ते विचार आणि पुढची आपण एकत्र टोचू म्हणून सांग. त्यांचं दूध कधी अडकलं तर तुझा चारा त्यांचा, हेही आत्ताच सांगून टाक, रोग आल्यावर सांगून उपयोग नसतो.

आणि तो नकाशा पुन्हा काढून पाठव. या वेळी बांधापलीकडचा गोठाही त्यात काढ, मालकाच्या फोन नंबरासकट.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. पोळ्याच्या आधी ये.

तुझा,
विठ्ठल