अण्णांचा रेडिओ लावायच्या आधी

नौपाडा, ठाणे

बाळ्या,

अण्णांचा रेडिओ माळ्यावरून काढलायस आणि रविवारी लावून बघणार म्हणालास, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. प्लग अजिबात घालू नकोस.

गेल्या पावसाळ्यात मी हेच केलं. आजोबांचा सेट, डायल लागली, स्टेशन नीट लागलं की दाखवणारा हिरवा मॅजिक आय पण पेटला, मी इतका खूश की आईला बोलवायला आत गेलो, परत येतो तर रेक्टिफायर व्हॉल्व्हमधली, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या काचेच्या नळीतली, प्लेट लालबुंद आणि खोलीभर डांबर जळल्यासारखा वास. तो डीसी सपाट करणारा फिल्टर कंडेन्सर शॉर्ट झालेला. स्विच बंद करेपर्यंत ट्रान्सफॉर्मर गेला, मेण वितळून चॅसीवर, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यावर, ओघळलेलं. घरातला एमसीबी जागचा हलला नाही, हलणार कसा, तो १६ अँपिअरचा, रेडिओ जळताना पण एक अँपिअर घेत नाही. व्हॉल्व्ह मिळतो रे, पण ट्रान्सफॉर्मरचं ते तारेचं वाइंडिंग परत करून देणारा शोधायला मला चार महिने लागले.

म्हणून फेजवर, स्विचच्या आधी, एक फ्यूज टाकायचा. सेट साधारण ५० वॅट खातो, म्हणजे २३० व्होल्टला पाव अँपिअरच्या आत, तिथे ५०० मिलिअँपिअरचा बस, पण स्लो ब्लोच घे, टोपीवर टी लिहिलेला, कारण चालू करताना ट्रान्सफॉर्मर क्षणभर जोरात करंट ओढतो, साधा फ्यूज उगाच उडतो आणि मग माणूस वैतागून त्यावर तार गुंडाळतो.

पण ५०० मिलिअँपिअर म्हणजे ११५ वॅट झाले ना, एचटीकडे, म्हणजे व्हॉल्व्हना जास्त व्होल्टेज देणाऱ्या बाजूला, शॉर्ट झालं तरी तो बराच वेळ तग धरतो आणि आत वाइंडिंग शिजत राहतं. त्यामुळे दुसरा फ्यूज एचटी वाइंडिंगच्या मधून निघणारी सेंटर टॅपची वायर चॅसीला जाते तिथे, १६० मिलिअँपिअरचा. मला हाच जास्त महत्त्वाचा वाटतो, माझा ट्रान्सफॉर्मर यानेच वाचला असता.

मागच्या बाजूला भोकं मात्र पाडायची नाहीत, अण्णांची वस्तू आहे. वायरमध्येच बसणारे दोन होल्डर लॅमिंग्टन रोडवरून तुझ्यासाठी आणून ठेवलेत.

आणि व्हॉल्व्हचे नंबर बघून कळव. यूने सुरू होत असतील, यूसीएच, यूएल असे, तर बहुतेक एसी-डीसी सेट, म्हणजे मेनपासून वेगळं ठेवणारा ट्रान्सफॉर्मर नसलेला, त्याची चॅसी थेट मेनला जोडलेली असते, फ्यूज असला तरी हात लागला की शॉक बसू शकतो.

शनिवारी सिरीज बोर्ड आणि ६० वॅटचा बल्ब (तो सेटच्या आधी सिरीजमध्ये लावायचा, शॉर्ट असलं तर सेट जळण्याऐवजी बल्बच पेटतो) घेऊन ट्रान्स-हार्बरने नेरुळला येतो, १० पर्यंत पोचेन. तोवर वायर गुंडाळून ठेव, पोरांच्या हाताला लागू देऊ नकोस.

तुझा,
विन्या